उतू जाऊ दे

आमच्याकडे दूध वर यायला लागलं की जो कोणी जवळ असेल तो धावतो. आई आंघोळीला गेली असेल तर आतून ओरडायची, "अगं दूध बघ!" आणि आपण हातातलं टाकून पळायचं, गॅस बंद करायचा, नाहीतर निदान वर पाण्याचा हबका मारायचा. इतकं अंगवळणी पडलेलं असतं ते की डोकं विचार करायच्या आधीच हात पुढे जातो.

माझ्या पहिल्या पोंगलला तेच झालं. जानेवारी 2010, लग्नाला आठ महिने झाले होते. सासर तंजावर जिल्ह्यातलं, तिरुवैयारुजवळचं एक छोटं गाव, कावेरीच्या अगदी काठाला. अंगण सारवलेलं, त्यावर भलामोठा कोलम म्हणजे तिकडची रांगोळी, कोलमच्या मधोमध तीन विटांची चूल, चुलीवर काशाचं भांडं, भांड्याच्या गळ्याला हळदीचं अख्खं रोप बांधलेलं, पानांसकट आणि खालच्या ओल्या गड्ड्यासकट, आणि बाजूला दोन ऊस उभे करून शेंडे एकमेकांत अडकवलेले. भांड्यात तांदळाचं धुवण आणि दूध. अत्तैंनी (सासूबाईंना तिकडे अत्तै म्हणायचं, आणि आत्यालाही अत्तैच, सासऱ्यांना मामा) मला चुलीपुढे बसवलं होतं, नारळाची वाळकी झावळी सारायला. फेस वर आला, काठाला टेकला, आणि माझ्या हाताने जळतं लाकूड ओढून बाहेर काढलं सुद्धा. फेस खाली बसला.

अंगण एकदम गप्प. चित्तींनी, म्हणजे चुलत सासूबाईंनी, तोंडावर हात ठेवला. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मला तेव्हा तमिळ जेमतेम यायचं, काय चुकलं ते विचारायलाही शब्द नव्हते. अत्तै काही बोलल्या नाहीत, वाकल्या, ते लाकूड परत आत सारलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पोंगट्टुम् मा." उतू जाऊ दे गं.

मग ते उतू गेलं. पांढरा फेस काठावरून पूर्वेच्या बाजूने खाली ओघळला, हळदीच्या पानावरून, चुलीत चर्र आवाज झाला, आणि सगळ्या बायकांनी कुलवै घातली, जीभ हलवून काढतात तो लांब आवाज, आणि पोरं ताटल्या बडवत "पोंगलो पोंगल, पोंगलो पोंगल" ओरडत सुटली. उतू जाणं पूर्वेकडे झालं म्हणून चित्ती खूश झाल्या, तो चांगला शकुन. मग अत्तैंनी ओंजळीने तीनदा नवे तांदूळ आत सोडले, मग मूगडाळ, मग गूळ, शेवटी तूप, वेलची, काजू. शब्दाचा अर्थच तो आहे, पोंगणे म्हणजे उतू जाणे, सणाचं नाव तेच आणि भाताचं नावही तेच. आणि मी नेमकं तेच थांबवलं होतं.

त्या रात्री झोप लागेना. आमच्या कहाण्यांमध्ये काय असतं, उतणार नाही मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. लहानपणापासून कानावर पडलेलं. उतणं म्हणजे वाईटच, असं पक्कं बसलेलं. इथे एक अख्खी जमात वर्षातून एकदा सूर्यासमोर बसून भांडं उतू जायची वाट बघते आणि गेलं की आनंदाने ओरडते, हे मला कळायला जड जात होतं. आणि मग पहाटे पहाटे कधीतरी आजी आठवली. आमचं गाव कागलकडचं. रथसप्तमीला आजी अंगणात रांगोळीने सूर्याचा रथ काढायची, शेजारी गोवऱ्या पेटवायची, त्यावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवायची आणि आम्हा पोरांना मागे सरकवून म्हणायची, हात लावू नका, जाऊ दे उतू. कुठल्या दिशेला जातं ते बघायची. अगदी हेच! आजी गेली तेव्हा मी सातवीत होते, नंतर अंगणात फरशी आली, आईची शाळेची नोकरी, ते कधी बंद पडलं कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला ते आठवायला कावेरीच्या काठावर जावं लागलं.

तेव्हापासून पोंगल माझाही झाला.

लोकांना पोंगल म्हणजे आपल्या संक्रांतीसारखा एक दिवस वाटतो. दिवस चार असतात खरं तर, भोगी, मग तै महिन्याच्या पहिल्या तारखेचा मोठा पोंगल, मग गुराढोरांचा माट्टु पोंगल, मग काणुम पोंगल, भेटीगाठींचा. भोगी आपल्याकडेही आहे पण आपण त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी खातो आणि ते लोक पहाटे घरातलं जुनंपानं दारात जाळतात, आम्ही चेन्नईत राहतो तिथे तर टायर जाळायची पद्धत पडली होती, त्या धुराने विमानं खोळंबलेली मी पाहिली आहेत, ते मला अजिबात आवडत नाही. पण गंमत म्हणजे आपली भोगीची भाजी त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी असते, पोंगलच्या पानावर. लाल भोपळा, रताळं, कच्चं केळं, वाल, पावटा, सगळं एकत्र, विषम संख्येत. मी पहिल्यांदा तो घास घेतला तेव्हा डोळ्यात पाणी आलं होतं, चव वेगळी होती, नारळ आणि चिंच होती, पण ज्या भाज्या ज्या महिन्यात शेतात येतात त्या सगळ्या एका भांड्यात घालायच्या ही रीत तीच होती.

पण चार दिवस हेही अपुरंच. शेतकऱ्याच्या घरात राहिल्यावर कळलं की ते भांडं जानेवारीत चुलीवर चढतं पण भरायला लागतं जूनमध्ये. 12 जून. कावेरीच्या डेल्टातल्या कुठल्याही घरात ही तारीख पोराच्या वाढदिवसासारखी पाठ असते. त्या दिवशी मेट्टूर धरणातून शेतीसाठी पाणी सोडायचं असा जुना रिवाज. धरण 1934 चं, पूर्ण भरलं की पातळी 120 फूट. मामांची एक सवय होती, रोज सकाळी पेपरमध्ये मेट्टूरची पातळी बघायची आणि भिंतीवरच्या रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरच्या पानावर पेन्सिलने तो आकडा लिहायचा. पान फाडलं तरी टाकायचे नाहीत, खिळ्याला टोचून ठेवायचे. बाकी लोक राहूकाळ बघायला कॅलेंडर बघतात, आमच्याकडे धरण. पाणी सुटलं की काही दिवसांनी कल्लणैला पोचतं, चोळ राजा करिकालाच्या नावाने ओळखला जाणारा तो जुना बंधारा, तिथे पुन्हा दारं उघडतात, लोक पाण्यात फुलं आणि भाताचं बी टाकतात, आणि मग कालव्या-कालव्यातून ते आमच्या गावापर्यंत. पाणी आलं हे आधी नाकाला कळतं. कोरड्या वाळूवर पहिलं पाणी फिरतं तो वास.

आणि मग आडी महिना, म्हणजे जुलै-ऑगस्ट. "आडिप्पट्टम् तेडि विदै" अशी तिकडे म्हण आहे, आडीचा मुहूर्त गाठून पेर. त्या महिन्याची अठरावी तारीख म्हणजे आडी पेरुक्कु, साधारण 2-3 ऑगस्टला येते, आणि मला विचाराल तर पोंगलपेक्षाही सुंदर सण. नदीचा सण. कावेरी भरून वाहत असते आणि तिला पोटुशी मानतात, तिला डोहाळे लागलेत म्हणून तिच्यासाठी चित्रान्नं करून न्यायची, चिंचेचा भात, लिंबाचा भात, खोबऱ्याचा, दह्याचा, गुळाचा. डोहाळजेवण हो, दुसरं काय! घाटावर बसून नदीला हळदीकुंकू, फुलं, काळे मणी, ताडाच्या पानाची इवलीशी कर्णफुलं वाहायची. आमच्या ओटीत असतं तसंच सगळं. नव्या नवऱ्या त्या दिवशी तालीचा, म्हणजे मंगळसूत्राचा, हळदीचा दोरा बदलतात. पोरं लाकडाचे छोटे रथ घाटापर्यंत दोरीने ओढत आणतात. श्रीरंगमला तर आडीत रंगनाथाकडून कावेरीला साडी-चोळीची भेट जाते, हत्तीवरून, भावाने बहिणीला पाठवावी तशी. (आडीत नव्या सुनेने माहेरी जायचं हेही आपल्या आखाडासारखंच. माझं माहेर हजार किलोमीटरवर, मग अत्तैंनी मला शेजारच्या घरी चार दिवस ठेवलं आणि म्हणाल्या, हे तुझं माहेर. त्या शेजारीणबाई अजून मला मुलगी म्हणून साडी देतात.)

अत्तै घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसतात, पाय पाण्यात, आणि सगळं वाहून झाल्यावर दोन्ही हातांनी पाणी पुढे ढकलतात, जणू नदीला सांगतात जा आता, पुढच्यांची पण शेतं आहेत. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाल्या माझी आई असंच करायची. दुसरं काही कारण नाही.

आता भातात सांबा म्हणून लांब मुदतीचं पीक असतं, ते या पाण्यावर पेरतात, ईशान्य मान्सूनचा पाऊस ऑक्टोबरपासून त्याला सांभाळतो आणि ते जानेवारीत कापणीला येतं. म्हणजे पोंगलच्या भांड्यातले तांदूळ आडीच्या पाण्यातले. हे कळल्यावर "तै पिरंदाल् वळि पिरक्कुम", तै जन्मला की वाट जन्मते, ही म्हण मला एकदम व्यवहाराची वाटायला लागली. तैमध्ये भात घरात येतं, हातात पैसा येतो, मग कर्ज फिटतं, लग्नं ठरतात. वाट म्हणजे ती वाट.

आणि भात आलंच नाही तर?

2016 साली मेट्टूरचं पाणी जूनमध्ये सुटलं नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. मामांच्या खिळ्यावरच्या पानांवर आकडे जिथल्या तिथे. सप्टेंबरमध्ये थोडं पाणी सोडलं, लोकांनी तेवढ्यावर सांबा पेरला, आता ईशान्य मान्सून तारेल म्हणून. तो आलाच नाही. शंभर-सव्वाशे वर्षांत इतका कमी झाला नव्हता म्हणतात असा गेला. आमचं पीक गुडघाभर झालं आणि उभ्या-उभ्या वाळलं. डेल्टातल्या गावागावांतून शेतकरी गेल्याच्या बातम्या येत होत्या, कुणी विष घेतलं, कुणी शेत बघायला गेला आणि बांधावरच छातीत कळ येऊन पडला. 10 जानेवारी 2017 ला सरकारने सगळं राज्य दुष्काळी जाहीर केलं. चार दिवसांवर पोंगल.

आम्ही गेलो. जाऊ की नको असं वाटत होतं पण गेलो. मामा पडवीत बाजेवर पडून होते, बरेच आठवडे शेताकडे फिरकले नव्हते, पेन्सिल कॅलेंडरच्या दोऱ्याला तशीच लटकत होती. मला वाटलं यंदा अंगणात काही होणार नाही. पहाटे पाचला झाडूचा आवाज आला म्हणून उठले तर अत्तै सडा घालत होत्या. काशाचं मोठं भांडं माळ्यावरच होतं, त्यांनी मातीचं छोटं मडकं काढलं होतं, जेमतेम शेरभर मावेल असं. तांदूळ रेशनचे, पोंगलला सरकार तांदूळ, साखर, उसाचं कांडं देतं ते. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरच्या पोंगलला घरचे नव्हेत तर वाटपाचे तांदूळ, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मी म्हटलं, अत्तै, नाही केलं तरी चालेल ना यंदा. त्या तांदूळ धुता धुता म्हणाल्या, "सूर्याला काय सांगू? यंदा येऊ नको?"

ते धुवण त्यांनी नीट गाळून घेतलं. दुधात धुवण घातलं की फेस चांगला येतो, तांदळाची पेज असते ना त्यात, नुसतं पाणी कितीही उकळलं तरी असं वर येत नाही. दूध कमी होतं म्हणून धुवण जास्त घातलं. मी झावळी सारत होते. या वेळी माझा हात गुडघ्यावर घट्ट होता. फेस वर आला, थांबला, परत खाली गेला, परत आला. मडकं छोटं, जाळ मोठा झाला तर तडकेल म्हणून त्या एकेक काडी घालत होत्या. मग गेलं. एक बारीकशी ओघळ, मडक्याच्या एका बाजूने. कुलवै घातली ती आम्ही तिघींनीच, चित्तींचा आवाज मधेच तुटला. आणि पडवीतून मामा बाहेर आले, अनवाणी, उघडे, सूर्याकडे हात जोडले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. नंतर आत जाऊन माझ्या नवऱ्याला विचारलं, मेट्टूर किती आहे?

त्याच आठवड्यात तिकडे चेन्नईत मरीना बीचवर लाखोंनी पोरं बसली होती, जल्लिकट्टुवरची बंदी उठवा म्हणून. टीव्हीवर देशभर तेच. जल्लिकट्टुबद्दल माझं मत सांगायचं तर मला बैलाच्या वशिंडाला लोंबकळणारी माणसं बघवत नाहीत, पण आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीही मी बघितल्यात आणि त्या गाड्यामागे वर्षभर पोरासारखा बैल सांभाळणारा माणूसही बघितलाय, त्यामुळे एका वाक्यात निकाल द्यायची हिंमत होत नाही. 18 मे 2023 ला सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूचा, कर्नाटकचा आणि आपल्या महाराष्ट्राचा कायदा एकाच निकालात कायम ठेवला, तेव्हा गावाकडून भावाचा आणि सासरहून दिराचा फोन एकाच संध्याकाळी आला होता. पण 2017 चा तो जानेवारी आठवला की मला मरीना आठवत नाही, ते शेरभर मडकं आठवतं.

2020 ला आठ वर्षांनी पहिल्यांदा मेट्टूर 12 जूनला उघडलं. लॉकडाऊन होता, आम्ही जाऊ शकलो नाही, मामांनी व्हिडिओ कॉल लावून फोन कालव्याकडे धरला आणि पंधरा मिनिटं नुसतं पाणी दाखवलं. आणि पुढच्या जानेवारीत, कापणी तोंडावर असताना, अवेळी पाऊस कोसळला, असा की पिकलेलं भात आडवं झालं आणि लोंबीतच कोंब फुटले. त्या वर्षी चूल अंगणात मांडता आली नाही, तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर मांडली, वर नवऱ्याने छत्री धरली. उतू गेलं. अत्तै म्हणाल्या, पाण्याविना गेलं, पाण्यानेही गेलं, भांड्याला काय त्याचं. आणि पदराने कपाळ पुसलं, पावसाचं पाणी होतं की काय ते मी बघितलं नाही.

चांगली वर्षंही सांगायला हवीत. 2012 ला माझा भाऊ आला होता. तिकडे पोंगलला माहेरून भाऊ बहिणीकडे सीर घेऊन येतो, भांडं, तांदूळ, गूळ, ऊस, हळद, साडी. चित्तींचे भाऊ दरवर्षी यायचे, चुलत जावेचे यायचे, आणि माझ्याकडे कुणी नाही हे मी बोलून दाखवलं नव्हतं पण नवऱ्याने गुपचूप फोन केला असावा. दोन रेल्वे बदलून, खांद्यावर दहा किलोची कोल्हापुरी गुळाची ढेप घेऊन हा दारात. अंगणात उभा ऊस बघून पहिलं वाक्य काय, "हा कुठला गं? काळा?" तो पन्नीर करुंबु, जांभळट सालीचा, खायचा ऊस, साखर कारखान्याचा नव्हे. मामांनी त्याला विचारलं तुमच्याकडे कुठला, तो म्हणाला 86032. आणि मामा एकदम उठून बसले. ते वाण कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रातलं, पूर्ण नाव को 86032, त्यातलं 'को' म्हणजे कोइमतूर. आमच्या पंचगंगेच्या खोऱ्यात ज्या उसावर घरं बांधली, माझं शिक्षण झालं, तो तमिळनाडूतून आलेला, हे मला तिशी गाठताना कळलं. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आकडे येत होते, एकरी टन, लागवडीचं अंतर, बोटांनी दाखवत अर्धी रात्र बोलत बसले. त्या वर्षीच्या पोंगलला कोल्हापूरचा गूळ पडला आणि रंग नेहमीपेक्षा सोनेरी आला, अत्तैंनी गल्लीभर वाटला.

दुसऱ्या दिवशी, माट्टु पोंगलला, सकाळी गाईंची शिंगं रंगवून, त्यांना पोंगल भरवून झाल्यावर आम्ही सगळे भावाला घेऊन तंजावरच्या मोठ्या देवळात गेलो. राजराजा चोळाचं ते देऊळ, 1010 चं. त्या दिवशी तिथल्या एकाच दगडातल्या प्रचंड नंदीला भाज्याफळांनी सजवतात, वांगी, गाजरं, काकड्या, संत्री, मिठाया, माळाच माळा, दगड दिसेनासा होतो. आमच्या बेंदराला भाऊ बैलांना सजवतो, तो त्या नंदीसमोरून हलेना. मग ओवरीच्या भिंतीशी गेलो, नैऋत्य कोपऱ्यात, आणि तिथे मराठी. देवनागरीत. दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये कोरवून घेतलेला भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास, भिंतभर. व्यंकोजी राजांपासून 1855 पर्यंत इथे मराठ्यांचं राज्य होतं हे शाळेत वाचलेलं, पण वाचणं वेगळं आणि दगडावर बोट ठेवून अक्षर लावणं वेगळं. भाषा जुनी, सगळं कळत नव्हतं, आम्ही दोघं बहीणभाऊ मोठ्याने एकेक शब्द लावत होतो आणि मागे मामा जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सांगत होते, माझी सून वाचतेय, माझी सून.

मामा 2022 ला गेले. खिळ्यावरची पानं अत्तैंनी काढू दिली नाहीत, आता पातळी त्या लिहितात, मोबाइलवर बघून. तब्येतीमुळे थंडीचे दोन-तीन महिने त्या आमच्याकडे चेन्नईत असतात, पोंगलला मात्र गावीच जायचं, परत यायचं.

गेल्या वर्षी रथसप्तमीला मी ठरवलं. त्यांच्याकडे त्या दिवशी डोक्यावर रुईची पानं ठेवून आंघोळ करतात, ते आम्ही केलं, अत्तैंनीच पानं आणवली खालून. मग मी बाल्कनीत मला जमेल तसा रांगोळीचा रथ काढला, चाक वाकडं आलं ते लेकीने नीट केलं, पोंगलच्या वेळी आणलेल्या वरट्टि म्हणजे गोवऱ्या उरल्या होत्या त्या पेटवल्या आणि बोळक्यात दूध ठेवलं. अत्तै खुर्चीत बसून बघत होत्या. हे काय करतेस म्हणून विचारलं नाही. धूर डोळ्यात जात होता, गोवरीचा विस्तव धिमा असतो, दूध बराच वेळ नुसतं थरथरत राहिलं. लेक मोबाइल घेऊन व्हिडिओसाठी तयार, आणि फेस काठाशी आल्यावर तीच ओरडली, "आई, जातंय, जातंय!" आणि हात पुढे केला, बोळकं उचलायला.

"पोंगट्टुम्," मी आणि अत्तै एकदम म्हणालो.

गेलं, दोन्ही बाजूंनी. गोवरीवर चर्र झालं, आणि अत्तैंनी खुर्चीत बसल्या बसल्या तोंडाशी हात नेऊन कुलवै घातली, शेजारच्या बाल्कनीतल्या बाई दचकून बाहेर आल्या, आणि अत्तै त्यांना तमिळमध्ये सांगायला लागल्या की हा आमच्या सुनेच्या आजीचा पोंगल.